पद्मिनीच्या गंजलेल्या पत्र्याला जुन्याच पत्र्याचं ठिगळ

माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनी गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं तेव्हा खाली डांबराचा थर निघाला. डांबर खरवडलं तर खाली कुणीतरी मारलेला पत्रा, आणि त्या पत्र्याखाली मूळ तळ असायला हवा होता तिथं नुसता तपकिरी भुगा. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा गॅरेजनं कुजका भाग कापलाच नव्हता. वरून नवा तुकडा ठेवून चारी बाजूंनी पितळ भरलं होतं आणि सगळं डांबरानं झाकलं होतं. तुकडा अजून शाबूत होता. त्याच्या भोवतीचा वीतभर चांगला पत्रा मात्र गेला होता, कारण दोन पत्र्यांमध्ये अडकलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती.

तो तळ मी एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली बसून पुन्हा केला. त्यानंतर दारं, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ असं एकेक करत गेलो. त्यातून जे हाताला कळलं ते इथं क्रमानं मांडतो. उदाहरण पद्मिनीचं आहे, पण त्या काळातल्या अँबॅसेडरलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

ही गाडी कुजते कुठे

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं निघालेली ही गाडी वेगळ्या चॅसीवर बसवलेली नाही. तळ, दाराखालचे उंबरे, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी, आणि गाडीचा सगळा भार त्या पेटीवर. म्हणून तळाचं भोक ही नुसती दिसण्यातली उणीव नसते. दाराखालचा उंबरा कुजला की गाडी मधून खचायला लागते आणि दार लावताना उचलून लावावं लागतं.

गंज बाहेरून आत येतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो आतून बाहेर येतो. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी मॅटखालच्या नमद्यात मुरतं आणि नमदा महिनोन्महिने ओला राहतो. दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या पोटात जातं, तिथली भोकं मातीनं बुजलेली असली की दाराची खालची कड सडते. चाकाच्या कमानीत मागच्या बाजूला चिखल साठून त्याचा ओला गोळा तिथंच बसतो. बॅटरीच्या खालचा पत्रा आम्लानं जातो. किनाऱ्यालगत वाढलेल्या गाडीत याच्यावर खारी हवा. रत्नागिरीतली आणि नगरमधली एकाच सालची पद्मिनी शेजारी उभी करून बघा, फरक लगेच दिसेल.

पाणी येण्याची वाट आधी शोधा. कुणाला तरी गाडीवर पाइपनं पाणी मारायला लावा आणि स्वतः टॉर्च घेऊन आत बसा. रबर गळत असताना तळ नवा केला तर दोन वर्षांनी तोच तळ पुन्हा करावा लागेल.

किती कुजलंय ते ठरवणं

हातात टोच्या आणि छोटी हातोडी घ्या. चांगला पत्रा हातोडीला खणकन उत्तर देतो, कुजका बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथं टोच्या दाबा, आत गेला तर खडूनं खूण करा. जाड पुट्टी भरलेली असेल तर लोहचुंबक धरत नाही किंवा अर्धवट धरतं, त्यामुळे बाहेरच्या पत्र्यावर चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरवा. मग खुणेभोवतीचा रंग आणि डांबर हातभर काढून टाका. डांबर खरवडायला रुंद पटाशी आणि जरासा हीटगनचा शेक पुरतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

रंग निघाला की बोटाएवढं भोक तळहाताएवढं होतं. हे दरवेळी होतं, घाबरून जाऊ नका. चकचकीत, सलग, खड्डे नसलेला पत्रा लागेल तिथून आणखी दोन-तीन सेंटिमीटर पुढं कापायची रेघ काढा. बारीक काळे खड्डे पडलेला पत्रा वरून धड वाटतो, पण वेल्डिंगची आंच लागली की तिथंच भगदाड पडतं.

जुन्या पितळेचं ठिगळ सापडलं तर ते पूर्ण कापा, पितळ भिनलेली कडही. पितळावर मिग वेल्डिंग (मशीनमधून आपोआप सरकणाऱ्या तारेचं इलेक्ट्रिक वेल्डिंग) धरत नाही, नुसतं फसफसतं.

ठिगळाचा पत्रा कुठून आणायचा

या टप्प्यावर घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पद्मिनीला सगळ्यात चांगलं ठिगळ दुसऱ्या पद्मिनीचं. कमानीचा बाक, दाराच्या कडेची दुमड, तळावरच्या उभ्या पन्हळी, हे सगळं कारखान्याच्या साच्यात घडलेलं असतं. हातानं ते घडवायला दिवस जातात, भंगारातून कापून आणायला तास.

मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सीतून निघालेल्या पद्मिनींचे सांगाडे भंगारात सहज मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली, आणि आता सांगाडा मिळणं कठीण होत चाललंय. कुर्ल्याची भंगारवाली दुकानं, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, गावोगावच्या गॅरेजांच्या मागचं गवत, सगळीकडे विचारत राहा. पूर्ण सांगाडा दिसला तर लागणारा तुकडाच नाही, भोवतीचा भागही मोठा करून मागा, प्रत्येक बाजूला पाच-सहा सेंटिमीटर जास्त. तो वाढीव पत्रा पुढं बेतायला आणि वेल्डिंगचा करंट जुळवायला कामाला येतो.

टॅक्सीच्या सांगाड्यात काय घ्यावं याचा माझा अंदाज असा. दारं आणि बॉनेट बघण्यासारखी असतात. छपराच्या कडा कॅरियरमुळे दबलेल्या असतात, आणि सीएनजीची टाकी वाहिलेला डिकीचा तळ मी घेत नाही. प्रत्येक तुकडा चुंबकानं तपासा, पुट्टीनं घडवलेला पत्रा पैसे देऊन घरी आणण्यात अर्थ नाही.

पद्मिनीचा तुकडा नाहीच मिळाला तर सपाट किंवा हलक्या बाकाच्या जागी दुसरा मऊ पोलादी पत्रा चालतो. आधी आपल्या गाडीचा चांगला पत्रा स्क्रूगेजनं मोजा, रंग काढून. त्या काळच्या गाड्यांचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर, म्हणजे २० गेजच्या आसपास असतो. ठिगळ त्याच जाडीचं हवं. जाड ठिगळ पातळ पत्र्याला जोडताना जाड वितळण्याआधी पातळ जळतो. जुन्या लोखंडी कपाटाची दारं आणि बाजू तळासाठी छान लागतात, कारण तो पत्रा मऊ असतो, सपाट असतो आणि गेजही जवळपास जुळतो. अँबॅसेडरचं बॉनेटही चांगलं.

काय घेऊ नये तेही सांगतो. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा फार पातळ. अलीकडच्या गाड्यांचे पत्रे बरेचदा जस्ताचा थर दिलेले आणि कडक जातीचे असतात, हातोडीला ऐकत नाहीत. दोनशे लिटरच्या बॅरलचा पत्रा जाडीला ठीक वाटतो, पण आत काय होतं ते कळत नाही, आणि तळाशी उरलेल्या तेलाच्या वाफेनं बॅरल कापताना स्फोट होऊन माणसं दगावली आहेत. बॅरलच्या वाटेला जाऊच नका.

जस्ताचा थर ओळखायला शेतकऱ्याच्या घरातलं मोरचूद वापरा. चिमूटभर पाण्यात विरघळवा आणि रंग काढून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर थेंब टाका. नुसतं लोखंड असेल तर तांब्याचा लालसर लेप चढतो. जस्त असेल तर काळा डाग पडतो. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. घ्यावाच लागला तर कडेचं जस्त तीन-चार सेंटिमीटर दोन्ही बाजूंनी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. तपासणी झाली की मोरचुदाचा थेंब धुऊन पत्रा कोरडा करा.

भंगारातून आणलेल्या तुकड्यावर चॅसी नंबर कोरलेला असेल तर तो घेऊ नका. आणि आपल्या गाडीचा नंबर कुठं कोरलाय हे आरसी पुस्तकाशी ताडून आधीच बघून ठेवा, त्या भागाला कटर लावायचा नाही. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, त्यात बॉडीचा मूळ सांगाडा बदललेला नसावा अशी अट आहे. मूळ आकार आणि मूळ जोड जपायला हेही एक कारण.

कापण्याआधीची तयारी

बॅटरी काढा. मागच्या बाजूचं काम असेल तर पेट्रोलची टाकी आणि नळी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सीट, नमदा, दाराचे पुठ्ठे, वायरिंगचा गुच्छ, सगळं बाजूला. ठिणगी नमद्यात शिरली की तासभर धुमसते आणि मग पेटते. पाण्याची बादली, ओलं गोणपाट आणि अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळच बसा.

आता उंबऱ्याबद्दल. उंबरा कापायचा असेल तर गाडीचं वजन नीट आधारावर, सपाट जमिनीवर घ्या. दार बंद असताना चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दार काढा आणि दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचा आडवा आणि तिरका आधार टाक्यांनी, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डनी, जोडा. दोन्ही कर्ण मोजा, तेही लिहा. एका वेळी एकच बाजू कापायची. ही काळजी न घेता कापलेल्या गाडीचं दार पुन्हा कधीच नीट बसत नाही, आणि ते दुरुस्त करायला उपायही फारसा उरत नाही. सीटचे नट-बोल्ट, स्प्रिंगचे आधार, जॅक लावायची जागा हे भाग कुजले असतील तर ते काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या. तिथं माझाही हात मी चालवला नाही.

बेतणं आणि घडवणं

कापायला चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटरची चकती. कोपरे काटकोनात कापू नका, रुपयाच्या नाण्याएवढी गोलाई द्या. काटकोनात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आतला दुसरा पत्रा किंवा नळी कापली जाणार नाही इतकीच चकती आत जाऊ द्या. भोक मोकळं झालं की आतल्या बाजूचा गंज तारेच्या ब्रशनं काढून घ्या, नंतर तिथं हात पोचणार नाही.

भंगाराच्या तुकड्यातून जोड सोडवायचा असेल तर कारखान्याच्या स्पॉट वेल्डवर (दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या जागी) पंच मारून आठ मिलिमीटरचं ड्रिल वरच्या पत्र्यापुरतं चालवा आणि पटाशीनं उघडा. ओढून काढलात तर कड फाटते.

साच्यासाठी पुठ्ठा वापरा. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा भोकाच्या मागून धरून कड पेन्सिलीनं उतरवा. पत्र्यावर रेघ काढून रेघेच्या बाहेरून कापा आणि बाकी कानशीनं घासत आणा. तुकडा भोकात हातानं बसला पाहिजे, ठोकून नाही. बाहेरच्या पत्र्याला कडेला कड भिडवायची, मधली फट पत्र्याच्या जाडीएवढी किंवा थोडी कमी. तळाला मात्र मी बारा-पंधरा मिलिमीटरचा चढ ठेवतो. वरचा पत्रा खालच्यावर चढतो आणि कडेला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून खालच्याला वेल्ड करता येतं, भोकाभोकात तीन-चार सेंटिमीटरचं अंतर. चढावाच्या दोन्ही पत्र्यांना जोडण्याआधी जस्ताचा वेल्डिंगचा प्रायमर लावा, तिथं ओल धरली तर माझ्या मूळ तळाची कथा पुन्हा घडेल. वेल्ड होणाऱ्या भोकांतला प्रायमर खरवडा. एरवीही त्या कामात मास्क आणि मोकळी हवा हवीच.

सरळ घडीसाठी व्हाइसमध्ये दोन अँगल पकडून त्यात पत्रा दाबा आणि लाकडी हातोडीनं थोडं थोडं वळवा, एका घावात नाही. बाक द्यायला मिस्त्री बाभळीच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाची हातोडी चालवायचे. पत्रा खळग्यात ताणला जातो आणि फुगतो. मग डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, घेऊन वरून हलक्या हातानं सपाट करायचा. मी पहिल्या तीन तुकड्यांत घाव जोरात घातले आणि पत्रा ताणून लाटा आणल्या. मिस्त्री म्हणाले, पत्रा हातोडीच्या वजनानंच घडू दे, तू फक्त ती उचल.

टाके

घरी करणाऱ्यासाठी मिग वेल्डिंग सगळ्यात सोपं. ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार आणि अर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. २० गेजला करंट ४० ते ६० अँपिअरच्या आसपास राहतो, पण मशीन-मशीनमध्ये फरक असतो, म्हणून तोच वाढीव पत्रा घेऊन आधी सराव करा. मागच्या बाजूला टाक्याची बारीक उभार दिसली म्हणजे वेल्ड आरपार गेलाय. मागे काहीच नाही तर तो नुसता वर बसलाय, घासला की सुटेल.

जुने कारागीर गॅस वेल्डिंग करतात आणि त्यांचं काम अप्रतिम असतं. गॅसचा जोड मऊ असतो, हातोडीनं सपाट होतो. पण आंच दूरवर पसरते आणि नवख्याच्या हातात सगळं पॅनेल वेडंवाकडं होतं. ज्याच्या हाताखाली शिकाल तो गॅसवाला असेल तर नक्की शिका, एकट्यानं सुरुवात मिगनं करा.

आधी चारी कोपऱ्यांत टाके. मग समोरासमोरच्या बाजूंच्या मधोमध. मग त्यांच्या मधे, दोन टाक्यांत अडीच-तीन सेंटिमीटर येईपर्यंत. प्रत्येक टाका सेकंदभराचा. प्रत्येक वेळी तुकड्याची पातळी पेचकसनं सारखी करून घ्या, एक कड वर आणि एक खाली राहिली तर नंतर ती पुट्टीनं भरावी लागते. आता मधल्या जागा भरा, पण सलग रेघ ओढू नका. एक टाका इथं, पुढचा हातभर लांब, मग परत. हात ठेवून बघा, भाजत असेल तर चहा घ्या. ओलं फडकं लावून थंड करायची सवय काही गॅरेजांत दिसते. त्यानं पत्रा अचानक आकसतो आणि घासताना कोपरा चिरू शकतो, मी लावत नाही.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि भोवतीचा पत्रा ओढतो, त्यानं खळगा पडतो. टाका थोडा घासून, खाली डॉली धरून त्यावर हलके घाव घाला. आकसलेला वेल्ड ताणला जातो आणि पत्रा वर येतो. हे मधेमधे करत राहिलात तर शेवटी पुट्टी जवळजवळ लागत नाही.

भगदाड पडलं तर जाड तांब्याची पट्टी मागे दाबून धरा आणि कडेपासून थोडं थोडं भरत आणा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही. तांब्याची नळी ठोकून चपटी केली तरी चालते.

घासणं आणि झाकणं

ग्राइंडरला साठ ग्रिटची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती), फक्त वेल्डच्या उंचीवर. भोवतीचा पत्रा घासू नका, तो आधीच पातळ आहे. पत्रा निळा झाला म्हणजे तापलाय, थांबा. शेवटचं काम कानशीनं केलं तर बरं. रात्री अंधारात मागून दिवा लावून बघा, सुईएवढी भोकं चांदण्यासारखी दिसतात. एकही ठेवू नका.

रंगाचं काम कार्तिकापासून वैशाखापर्यंत उरका. पावसाळ्यात नागडा पत्रा रात्रीत लाल होतो. खड्ड्यांत उरलेला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या रसायनानं मारा, डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या. त्यानंतरच पुट्टी, तीही दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको. नागड्या पत्र्यावर थेट पुट्टी लावायची पद्धत फार दिसते, पण पुट्टी पाणी शोषते आणि गंज तिच्या पोटात सुरू होतो. जोडांवर प्रायमरनंतर सीलर, दोन्ही बाजूंनी. तळाला खालून रबरी अंडरकोट, डांबर नको. डांबराला चिरा पडतात आणि त्या चिरांमागे पाणी थांबतं.

उंबरा, दाराचं पोट आणि खांब यांच्या आतून मेणाचा स्प्रे लांब नळीनं मारा. जुनं इंजिन ऑइल ओतायची पद्धत आहे, त्यानं गंज लांबतो खरा, पण रबरं फुगतात आणि उन्हाळाभर तेल ठिबकतं. मेणच वापरा. आणि पाण्याच्या निचऱ्याची भोकं सायकलच्या स्पोकनं मोकळी करा, रंगानं किंवा सीलरनं बुजली असतील तर पुन्हा उघडा. नमदा तळावर चिकटवू नका, उचलता येईल असा टाका.

मग पहिल्या जोरदार पावसाची वाट बघा. गाडी रात्रभर उघड्यावर उभी करा, सकाळी मॅट आणि नमदा उचला आणि तळावरून, जोडावरून, उंबऱ्याच्या कडेवरून कोरडा तळहात फिरवा. ओल लागली तर ती कुठून आली ते त्याच सकाळी शोधा, वाट ताजी असताना सापडते. माझ्या गाडीत त्या पहिल्या सकाळी क्लच पॅडलच्या वर, वायरिंग बाहेर जाते तिथल्या रबरातून एक थेंब उतरत होता. रबर बदललं. पुढच्या पावसात हात कोरडा निघाला.